घोडा वर नेतो, खाली आणत नाही: टायगर नेस्ट आणि आमची तीन पिढ्यांची टीम

दिवाळीच्या सुट्टीत भूतानला जायचं ठरलं तेव्हाच घरात एक गोष्ट गृहीत धरली गेली, पारोपर्यंत जायचं आणि टायगर नेस्ट म्हणजे ताकत्संग मठ करायचा नाही तर मग गेलोच कशाला. कोणी विचारलं नाही की कोणाला जमेल. आम्ही सहा जण होतो. सासूबाई ६८, दोन्ही गुडघ्यांची झीज, उजवा जास्त, डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलंय आणि त्या दरवर्षी "यंदा नको, पुढच्या वर्षी बघू" करून टाळतायत. सासरे ७२, बीपीच्या गोळ्या चालू, पण रोज सकाळी पर्वती चढणारे आणि त्याचा अभिमान असणारे. नवरा आणि मी, दोघंही खुर्चीवर बसून कमावणारे. मुलगी नववीत, मुलगा चौथीत.

हे सगळं सविस्तर लिहितेय कारण आईवडिलांना किंवा सासूसासऱ्यांना घेऊन तिकडे जाणारे बरेच जण शेवटी एकाच प्रश्नाशी अडतात, वर कसं पोचायचं. मला आता वाटतं तो प्रश्न दुय्यम आहे. खाली कसं यायचं हा खरा प्रश्न, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तर तोच एकमेव.

आधी जागा कशी आहे ते. मठ साधारण ३१२० मीटरवर, पारो खोऱ्याच्या सुमारे ९०० मीटर वर कड्याला चिकटलेला. गाडी जिथे थांबते ते पार्किंग २६०० मीटरच्या आसपास. म्हणजे चढ पाचशे-साडेपाचशे मीटरचा. आता पुणेकर माणूस काय करतो, लगेच सिंहगडाशी तुलना करतो, आतकरवाडीतून सिंहगड सहाशेच्या आसपास चढ आहे, म्हणजे हे तर त्याहून कमीच झालं! सासऱ्यांनी हा हिशोब घरात पाच-सहा वेळा तरी ऐकवला असेल. हिशोब बरोबर आहे, फक्त त्यात हवा धरलेली नाही. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. ताकत्संगचं पार्किंगच त्याच्यापेक्षा जवळजवळ हजार मीटर वर आहे. आणि मठाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्के, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तीसेक टक्क्यांनी कमी.

वाटेचे दोन तुकडे आहेत आणि हे दोन तुकडे वेगळे समजून घेतले नाहीत तर प्लॅन चुकतो. पहिला पार्किंगपासून कॅफेटेरियापर्यंत, पाइनच्या जंगलातून रुंद मातीची वाट, चढ आहे पण पायऱ्या नाहीत, वेळ दीड ते दोन तास. कॅफेटेरिया साधारण २९४० मीटरवर, तिथून मठ समोर दिसतो, चहा मिळतो, टॉयलेट आहे. दुसरा तुकडा तिथून वर, आधी चढ, मग व्ह्यू पॉइंट, जिथून सगळे तो प्रसिद्ध फोटो काढतात आणि मठ हाताला लागेल असा वाटतो. पण मध्ये दरी आहे. म्हणजे आधी पायऱ्यांनी खाली धबधब्यापाशी उतरायचं आणि मग समोरच्या बाजूने पायऱ्या चढून मठात जायचं, एकूण सातशेच्या वर पायऱ्या. आणि परत येताना हेच उलट, म्हणजे दमलेल्या पायांनी पुन्हा उतर आणि पुन्हा चढ. सपाट असं काहीच नाही.

घोडे मिळतात, पण फक्त वर जाताना आणि फक्त कॅफेटेरियापर्यंत. उतरताना प्रवाशाला बसवत नाहीत, उतारावर घोडा घसरायची आणि माणूस पुढे फेकला जायची भीती. हे आमच्या ट्रॅव्हल एजंटने सांगितलंच नव्हतं, तो म्हणाला होता "आजींसाठी घोडा आहे, काही टेन्शन घेऊ नका".

त्याच एजंटचा मूळ प्लॅन बघा. भारताच्या सीमेवरच्या फुनशोलिंगहून थेट पारो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताकत्संग. म्हणजे तीनशे मीटरवरून एका दिवसात सव्वादोन हजारावर झोपायचं आणि सकाळी उठून तीन हजारावर चढायचं. यामागे एजंटचा दुष्टपणा नाही, भूतानमध्ये भारतीयांना माणशी दर रात्री १२०० रुपये सस्टेनेबल डेव्हलपमेंट फी पडते, सहा ते बारा वयाच्या मुलांना निम्मी, त्यामुळे रात्र वाढली की पॅकेज महाग दिसतं आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. आम्ही रात्री वाढवल्या नाहीत, फक्त क्रम फिरवला. आधी थिंफू, मग पुनाखा, मग पारो, आणि ताकत्संग अगदी शेवटी. पैसे तेवढेच लागले.

क्रम बदलल्याचा फायदा पहिल्याच रात्री कळला. थिंफूला २३०० मीटरवर पोचलो त्या संध्याकाळी सासूबाईंचं डोकं चढलं, जेवण नको झालं, झोप लागेना. उंचीचा त्रास साधारण २५०० च्या वर धरतात पण काहींना त्याआधीच जाणवतो, आणि तो पोचल्या पोचल्या नाही तर काही तासांनी, बहुतेक रात्री, चालू होतो. पाणी, वरणभात आणि एक क्रोसिन, सकाळी बरं वाटलं. हेच जर पारोला झालं असतं तर सकाळी त्यांना त्याच डोक्याने घोड्यावर बसवलं असतं आपण. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी, घ्यायची का हे निघण्यापूर्वी आमच्या फिजिशियनना विचारलं होतं. त्यांचं म्हणणं, झोपायची उंची अडीच हजाराच्या आत आहे आणि वर फक्त काही तास जाणार, तर गरज वाटत नाही, शिवाय सासऱ्यांच्या बीपीच्या एका गोळीमुळे लघवी जास्त होते त्यात ही आणखी नको. हा आमच्या घरापुरता सल्ला, ज्याने त्याने आपल्या डॉक्टरला विचारावं. सासऱ्यांना त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली, तुमची दुसरी गोळी बीटा ब्लॉकर आहे, ती नाडी वाढू देत नाही, त्यामुळे हातातल्या घड्याळात ठोके कमी दिसले म्हणून दम लागला नाही असं समजू नका. चालताना सलग एक वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर थांबायचं.

पुनाखामध्ये खरी परीक्षा झाली. खमसुम युले नामग्याल चोर्तेन म्हणून एक ठिकाण आहे, मो छू नदीवरचा पूल ओलांडून भातशेतीतून वर टेकडीवर, पाऊण-एक तासाचा चढ, उंची ताकत्संगपेक्षा खूपच कमी. सगळेच गेलो, सासूबाईसुद्धा. चढताना त्या छान चढल्या, गप्पा मारत, मध्ये थांबून भात कापणाऱ्या बायकांकडे बघत. उतरायला लागलो आणि चित्र बदललं. प्रत्येक पावलाला उजवा पाय आडवा टाकायच्या, माझा खांदा धरून, आणि अर्ध्या वाटेत बोलणंच बंद झालं. रात्री हॉटेलवर गुडघा सुजलेला, बर्फ मागवून शेकला.

यात नवल काही नाही खरं तर. चढताना दम लागतो, स्नायू काम करतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकसारखा ताणत ताणत शरीर सावरतो आणि वाटीच्या मागच्या भागावर वजनाच्या कितीतरी पट दाब येतो. झीज झालेल्या गुडघ्याला तोच भाग नकोसा असतो. म्हणजे घोडा जो भाग वाचवतो तो सासूबाईंना जमतच होता. जो जमत नव्हता तो भाग घोडा वाचवत नाही.

मग ताकत्संगच्या आदल्या रात्री पारोच्या हॉटेलात मीटिंग बसली. सासरे म्हणाले सगळे जाऊ, हळूहळू, वेळ आहे. नवरा म्हणाला आई-बाबांनी हॉटेलवर थांबावं, उगाच रिस्क कशाला. सासूबाई गप्प. त्यांची गुरू रिंपोचेंवर, म्हणजे ज्यांच्यामुळे हा मठ आहे त्या पद्मसंभवांवर, वगैरे श्रद्धा असायचं कारण नाही पण देवाच्या दारापर्यंत यायचं आणि हॉटेलात टीव्ही बघत बसायचं हे त्यांना पटत नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. गाईडला बोलावलं. तो हिंदी फर्डी बोलायचा. त्याने एकच प्रश्न विचारला सासूबाईंना, "पुनाखा में नीचे आते टाइम जितना चले, उससे डबल चल पाओगे?" त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, थांबत थांबत, हो, पण त्याहून जास्त नाही. झालं, कॅफेटेरिया ठरलं. मर्यादा उतरणीवरून काढली आणि मग तिथपर्यंत जाताना घोडा घ्यायचा म्हणजे मांड्या ताज्या राहतील. घोड्याचा उपयोग असा, दर्शनाला पोचवायला नाही तर उतरणीसाठी पाय शिल्लक ठेवायला.

आता त्यांच्यासोबत कोण. इथे एक क्षणभर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कोणी मुद्दाम नाही, सवयीने. सुनेने थांबायचं असतं ना. मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "ती का? माझा मुलगा आहे की." नवऱ्याने मान डोलावली, आणि खरं सांगायचं तर त्याच्या पाठीच्या दृष्टीनेही ते बरंच होतं. मी, दोन्ही मुलं, सासरे आणि गाईड वर जाणार.

दोन टीम झाल्या की संपर्काचा प्रश्न येतो. मठात शिरताना फोन, कॅमेरा, बॅग सगळं बाहेर लॉकरमध्ये ठेवावं लागतं, त्यामुळे जवळजवळ तास-दीड तास आम्ही फोनवर नसणार. म्हणून वेळ ठरवून टाकली. साडेबाराला, आम्ही परत आलेलो असू किंवा नसू, सासूबाई आणि नवरा कॅफेटेरियातून उतरायला सुरुवात करणार. वाट बघायची नाही. त्यांना उतरायला दोन तास तरी लागणार, आम्ही मागून येऊन गाठू. सासऱ्यांना हे अजिबात आवडलं नाही, कुटुंब आहे, एकत्र उतरू. पण एकत्र उतरायचं म्हणजे सगळ्यात हळू माणसाने सगळ्यात उशिरा निघायचं, आणि मागे चार जण उभे आहेत या दडपणाखाली चालायचं. तिथेच पाय घसरतात. गाईडनेही दुजोरा दिला तेव्हा कुठे पटलं.

सकाळी साडेसातला पार्किंग. थंडी चांगलीच, तोंडातून वाफा. तिकीट खालीच काढून घ्यायचं, वर मिळत नाही. काठ्या भाड्याने मिळतात, साध्या लाकडी, पन्नासेक रुपयांना, रुपये चालतात. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्पोर्ट्स शूज घातले होते, पंजाबी ड्रेसखाली, दोन्ही गुडघ्यांना नी-कॅप, आणि घोड्यावर चढायला एक दगडी ओटा होता त्यावरून घोडेवाल्याने अक्षरशः उचलून बसवलं. लाकडी खोगीर, वर घोंगडं, पुढे धरायला लोखंडी कडी. घोडेवाल्याने सांगितलं चढाला पुढे झुका. घोडा वाटेच्या अगदी कडेने चालतो, आतून जागा असली तरी. त्यांनी पहिली दहा मिनिटं डोळे मिटून रामरक्षा म्हटली आणि मग डोळे उघडून घोड्याचं नाव विचारलं. नवरा शेजारून चालत, धापा टाकत. इन्शुरन्सबद्दल एक, घोडेस्वारी आणि ठरावीक उंचीवरचा ट्रेक काही पॉलिसींमध्ये वगळलेला असतो, घ्यायच्या आधी बारीक अक्षर वाचा. या वाटेवर गाडी कुठेच पोचत नाही, पाय मोडला तर माणसांनीच उचलून आणायचं.

सासरे पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांच्या पुढे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या एका दमात चढायची सवय, तोच स्पीड. गाईड त्यांच्या पुढे जाऊन चालायला लागला, मुद्दाम हळू, आणि वाट अडवून. ही युक्ती मला फार आवडली, वाद नाही काही नाही. वर मुलाला काम दिलं की आजोबांना दर पाच मिनिटांनी एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर पूर्ण वाक्यात पाहिजे. त्याने शिवाजी महाराजांचे किल्ले विचारायला सुरुवात केली. एके ठिकाणी आजोबा "राजगड, तोरणा..." म्हणून अडकले ते नाव आठवेना म्हणून नाही, तिथे मग दहा मिनिटं बसलो, इलेक्ट्रॉलचं पाणी, चिक्की.

कॅफेटेरियात सगळे भेटलो. आणि इथे या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग आला. घोड्यावरून आलेला माणूस कॅफेटेरियात ताजातवाना असतो, मठ समोर दिसतोय, ऊन छान, पताका फडफडतायत, आणि आजूबाजूचे सगळे वर निघालेत. आमच्याच हॉटेलमधला एक ग्रुप होता, त्यातल्या बायका म्हणायला लागल्या, काकू चला ना, इतक्या लांब आलात, आता काय राहिलंय, आम्ही धरून नेऊ. प्रेमानेच म्हणत होत्या. नवरा पण डळमळला, मला हळूच म्हणाला, आई फ्रेश दिसतेय, व्ह्यू पॉइंटपर्यंत तरी? मी गाईडकडे बघितलं, गाईड सासूबाईंकडे. त्या म्हणाल्या, "उतरायचं काय करू मग? तुम्ही जा. आणि तो चहा पुन्हा सांग, साखर घालून." विषय संपला. आदल्या रात्री ठरवलेलं नसतं तर त्या गेल्या असत्या, भिडेपोटी, याची मला खात्री आहे.

वरच्या तुकड्याबद्दल थोडक्यात. व्ह्यू पॉइंटनंतर पायऱ्या दिसल्या आणि मुलगा रडकुंडीला आला, "खाली जाऊन परत वर कशाला, पूल का नाही बांधला?" प्रश्न रास्त आहे. धबधब्यापाशी गार तुषार, दगड ओले, रेलिंग धरून चाललो. आत जाताना पूर्ण बाह्या आणि पूर्ण पँट लागते, नववीतल्या मुलीची फाटक्या फॅशनची जीन्स आदल्या रात्रीच बदलायला लावली होती त्यावरून रुसवा झाला होता, फोन लॉकरमध्ये गेल्यावर तो दुप्पट झाला. मठाची गोष्ट गाईडने सांगितली, आठव्या शतकात गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून आले आणि तीन वर्षं, तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, तीन तास गुहेत ध्यान केलं, मंदिर १६९२ मध्ये तेन्झिन राबग्ये यांनी बांधलं, १९९८ च्या एप्रिलमध्ये आगीत जळालं आणि २००५ पर्यंत जसंच्या तसं परत उभं केलं. मुलाला फक्त तीनची यादी पाठ झाली. सासरे मात्र आत एका कोपऱ्यात मांडी घालून बराच वेळ बसले, उठायला तयार नाहीत, त्यांना एवढं शांत मी क्वचित बघितलंय. वेळ बघायला घड्याळ होतं म्हणून उठवलं, दुपारी जेवणाच्या वेळेत दारं बंद करतात.

कॅफेटेरियात परत पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता, ते दोघं ठरल्याप्रमाणे निघून गेलेले. उतरताना सासूबाईंची पद्धत गाईडने सकाळीच शिकवली होती, दोन्ही हातात काठ्या, आधी काठ्या खाली टेकायच्या, मग दुखरा पाय, मग चांगला. सरळ न उतरता वाटेच्या रुंदीभर तिरकं तिरकं नागमोडी. दर वीस मिनिटांनी बसायचं, दुखो न दुखो. आम्ही त्यांना पार्किंगच्या थोडं आधी गाठलं, पाण्यावर फिरणारी प्रार्थनाचक्रं आहेत तिथे बसल्या होत्या आणि दोन अनोळखी मद्रासी बायकांना हिंदीत बेसनलाडू कसे करायचे ते सांगत होत्या. अडीच तास लागले त्यांना. सगळ्यात जास्त लंगडत कोण होतं तर मी आणि नवरा.

गुडघा संध्याकाळी थोडा सुजला, पुनाखापेक्षा कमी. हॉट स्टोन बाथ म्हणजे तापवलेले नदीतले दगड टाकलेल्या लाकडी टबात बसायचं असतं पारोला, तो मोह सूज असताना टाळला, बर्फच लावला. सासरे गेले त्या टबात आणि खूश होऊन आले, म्हणाले सिंहगडापेक्षा सोपं होतं. दुसऱ्या दिवशी फुनशोलिंगपर्यंत चार-पाच तास घाटाचा रस्ता, त्यात पाय दुमडून बसणं गुडघ्याला चढापेक्षाही वाईट, त्यामुळे सासूबाईंना पुढची सीट मागे सरकवून दिली आणि दर तासाला गाडी थांबवून त्यांना चार पावलं चालवलं. भाड्याच्या लाकडी काठ्या उंचीला कमीजास्त करता येत नाहीत, उतरताना काठी लांब लागते आणि त्या आखूड पडत होत्या, म्हणून पुण्याहूनच लांबी बदलता येणाऱ्या दोन काठ्या न्याव्यात हे कोणी जाणार असेल तर लक्षात ठेवा.